आठव्या महिन्यातली शुगर

सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी जास्त दिसलं. इथल्या, माहेरच्या, डॉक्टरबाईंनी लगेच ग्लुकोज पाजून रक्त घ्यायला लावलं. दोन तासांनंतरचा आकडा 178. आपल्याकडे 140 किंवा त्याच्या वर गेलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात. आठवा महिना सरत आलेला. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एवढंच विचारलं, "बाळाला काय झालंय का?"

*

आई रात्री हळूच म्हणाली, "डोहाळजेवणात गोड जास्त झालं का गं?" तिच्या मनात तेच होतं, माझ्याही. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून सांगितलं: दिवस भरत जातात तशी वारेतून येणारी संप्रेरकं आईचं शरीर इन्शुलिनला दाद देईनासं करतात. हे प्रत्येकीत होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन करून ते भरून काढतं, काहींचं पुरं पडत नाही. लाडू हे त्याचं कारण नव्हे. आईचा चेहरा उतरलेला होता तो तिथे जरा सैल झाला. ही पाच मिनिटं प्रत्येक गरोदर बाईच्या आईला आणि सासूला मिळायला हवीत.

*

मग ही शुगरची तपासणी आधी राहिली कशी? केंद्र सरकारच्या सूचना स्पष्ट आहेत: नाव नोंदवतानाच एकदा, आणि ती नॉर्मल आली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. माझी पहिली पनवेलला झाली, नॉर्मल. दुसरीची वेळ आली ती नेमकी ओटी भरून माहेरी यायच्या दिवसांत. तिकडे वाटलं, आता माहेरचे डॉक्टर करतील. इकडे फाइलवर 'शुगर नॉर्मल' लिहिलेलं दिसलं. इकडच्या मुरूड, रेवदंडा, श्रीवर्धनच्या कितीतरी मुली पनवेल-ठाणे-मुंबईला दिलेल्या आहेत आणि पहिल्या बाळंतपणाला सातव्यात परत येतात. दोन घरांच्या मधली हीच फट. माहेरी निघताना पिशवीत साडी-बांगड्यांच्या आधी दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट जायला हवा.

*

या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज, 300 मिलिलिटर पाणी, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी ही पद्धत रुजवली. खेड्यातून एसटी धरून येणारी गरोदर बाई उपाशी येऊ शकत नाही आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी येईलच असंही नाही, हे ध्यानात घेऊन. लांबच्या वाडीतून सकाळच्या गाडीने आलेल्या बायका बाकावर पाहिल्या की या माणसाबद्दल फार कृतज्ञता वाटते.

*

"तू तर किती बारीक, तुला कसली शुगर?" दिवसातून एकदा तरी हे ऐकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपासची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. तरी त्या लहान बाळांच्या कातडीखालची चरबी तितकीशी कमी नव्हती. आपला बारीकपणा वरवरचा असू शकतो. दिसण्यावरून कुणाची तपासणी टाळू नये.

*

जेवण. इथे सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. भात बंद करायला कुणी सांगितलं नाही, मोजायला सांगितलं. एक वाटी. आधी वालाचं बिरडं, भाजी आणि मासा, मग भात. मांदेली, बांगडा, करंदी हवी तेवढी, पण तळून रोज नको. सोलकढीत साखर नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. शेजारच्या काकी भाताची वाटी बघून कळवळतात: "बाय, एवढ्याशा भातावर दूध कसं येल?" त्यांच्या मायेला उत्तर देता येत नाही. त्यांनीच ताज्या बोंबलांची वाटी पुढे सरकवली, हे बरं झालं.

*

उपाशीपोटी 95 च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग आहेत. बोट टोचण्यापेक्षा आकडा उमटायच्या आधीचे ते काही सेकंद जड जातात. नुसत्या आहारावर सकाळचा आकडा उतरेना आणि हाताशी आठवडे थोडे, म्हणून बाईंनी इन्शुलिन सुरू केलं.

*

इन्शुलिनची भीती घरात सगळ्यांना. "एकदा लागलं की जन्माचं." तसं नाही. वार बाहेर पडली की बहुतेकींना ते लागतच नाही. आणि ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. जाते ती आईच्या रक्तातली साखर. मग बाळ स्वतः जास्त इन्शुलिन बनवतं, अंगानं भरतं, आणि नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबला तरी त्याचं इन्शुलिन चढलेलंच असतं. म्हणून जन्मल्यावर त्याची साखर घसरू शकते. कोपनहेगनच्या पेडरसन यांनी हे 1950 च्या दशकात मांडलं. उशिरा कळलं तरी उरलेल्या आठवड्यांना मोल आहे ते यामुळे: आज माझी साखर ताब्यात आली तर बाळाला आजच कमी साखर पोचते.

*

बाळंतपणासाठी चिठ्ठी लिहून नवऱ्याकडे दिली आहे: तासाभरात बाळाला अंगावर घ्यायचं, टाचेतून त्याची साखर बघायची, मध किंवा गूळपाणी चाटवायचं नाही. रुग्णालयाला आधीच सांगायचं की आई इन्शुलिनवर आहे. ओहोटीच्या वेळी जेट्टी, पावसात वडखळचा रस्ता, यांच्या भरवशावर आयत्या वेळी मुंबई गाठायची नाही. कुठे जायचं ते आधीच ठरवलं आहे.

*

बाळ झाल्यावर सहा आठवड्यांनी माझी 75 ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची आहे. हा मधुमेह होऊन गेलेल्या बायकांना पुढे कायमचा मधुमेह व्हायची शक्यता इतरांच्या जवळजवळ दहा पट असते. ही तपासणीही पुन्हा सव्वा महिना संपल्यावर, सासरी जायच्या गडबडीतच येते. पण बाळाची दीड महिन्याची लसही त्याच सुमाराला असते आणि ती कुणी चुकवत नाही. लसीच्या कार्डावर त्या तारखेसमोर पेनाने लिहून ठेवलंय: आईची शुगर.