तलावावरचे पाहुणे

हिवाळ्यात आमचा प्रवास वर्षानुवर्षे एकच असे. डिसेंबर उजाडला की नागपूरहून गाडी धरायची, 6 तारखेला दादरला चैत्यभूमीवर रांगेत उभे राहायचे आणि पुस्तकांची पिशवी भरून परतायचे. थंडीत आणखी कुठे हिंडावे, असे आम्हा उभयतांच्या मनात कधी आलेच नाही. कचेरी सुटली की सभा, नाहीतर कुणाच्या पोराच्या दाखल्याची धावपळ. फिरणे-बिरणे हे बंगलेवाल्यांचे काम, असा आमचा समज.

तो आमच्या सहचारिणीने मोडला. एका जानेवारीत पहाटे ती म्हणाली, "अहो, तलाव आपल्या जिल्ह्यात, पाखरं आपल्या जिल्ह्यात, अन् पाहायला येतात ते पुण्या-मुंबईचे लोक!" त्याच महिन्यात एक जुनी दुर्बीण घेतली. एकोडीच्या नाक्यावर एकाने विचारले, "साहेब, पाखरं मोजायलाच बी.कॉम. केलं का?" आम्ही हसलो. मोजणे तर आमचा धंदाच आहे.

आता थंडीच्या रविवारी आम्ही निघतो. कधी जवळपासच्या तलावांवर, कधी साकोलीहून एस.टी.ने नवेगाव बांधला. हे तलाव जुन्या काळी लोकांनी श्रमाने बांधले, पुढे मालगुजारांचे म्हणवले गेले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, पण 'मामा तलाव' हे नाव उरले. पाण्यावर वारकरी, अडई, थापट्या यांचे थवे असतात. कमळाच्या पानांवर लांब बोटांचा कमळपक्षी चालत जातो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. त्याला कुणी पाणवठ्यावर जात विचारत नाही, हे मनात येतेच.

गोंदिया जिल्ह्यात एकदा धानाच्या कापलेल्या बांधीत सारसाची जोडी दिसली. उंची जवळजवळ माणसाएवढी. पावसाळ्यात हा पक्षी उभ्या धानात, पाण्यात घरटे करतो. म्हणजे तो जगणार की नाही, हे शेतकऱ्याच्या हाती. सहचारिणीला बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील देवदत्ताचा प्रसंग आठवला. बाण मारणाऱ्याचा पक्षी की वाचवणाऱ्याचा, हा तंटा. बांधीवाल्याला तिने तो तिथेच उभ्याने सांगितला. तो म्हणाला, "आमच्या बांधीत अंडी दिली तर आम्ही तेवढा धान सोडून कापतो." ग्रंथ न वाचलेला माणूस! आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले.

गेल्या वर्षी आईला बरोबर नेले. वय पंच्याहत्तर. पाळीवर चढली आणि तिथेच थांबली. आम्ही खाली पाण्याकडे उतरलो, ती येईना.

"आपला घाट कोनता?" तिने विचारले.

तिच्या माहेरच्या गावी आपल्या माणसांचा घाट वेगळा होता, खालच्या अंगाला, जिथे गुरे धुतली जात. लहानपणी ती चुकून वरच्या पायरीवर गेली, तर तिचा गुंड फोडला होता. हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, यावर आम्ही कितीतरी भाषणे दिली असतील, आणि घरातली ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती.

सहचारिणीने तिचा हात धरला. दोघी हळूहळू उतरल्या. आईने पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ बोललीच नाही. मग दुर्बीण मागितली. आधी उलटी धरली. पाखरे लांब गेली म्हणून रागावली. सरळ करून दिल्यावर मोजू लागली, सतराच्या पुढे हिशेब चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

यंदा थंडी उशिरा पडली. आम्ही सभेच्या गडबडीत तलाव विसरलो होतो. आईनेच विचारले, "पाखरं आलेत का बाबू?"