सरकून उभी राहिलेली

आईच्या वर्षश्राद्धाला तिचा एखादा बरा फोटो हवा म्हणून कपाट उपसत होतो. तळाशी कॅमेऱ्याचं काळं पाकीट सापडलं. चेन ओढली तसा डांबरगोळीत मुरलेल्या रेक्झिनचा वास आला आणि मी तिथेच फरशीवर बसलो.

पेंटॅक्स झूम 70. मस्कतहून मामाने आणलेला. बटण दाबलं की भिंग घर्रकन पुढे यायचं. त्या एका आवाजासाठी आम्ही भावंडं भांडायचो. बाबा सगळ्यांना नीट उभं करायचे, आणि सगळे उभे राहिले की आई हळूच बाजूला व्हायची. "मला कशाला, पोरांचा काढा."

नरसोबाची वाडी, 1991 चा डिसेंबर. घाटाच्या ओल्या पायऱ्या, हातात कवठाची बर्फी. बाबा म्हणाले, "सरका जरा." म्हणाले आम्हाला, सरकली आई.

पेंटॅक्स बनवणाऱ्या असाही ऑप्टिकल कंपनीने 1986 साली हे मॉडेल आणलं, तोवर 35 मिलिमीटर फिल्मच्या आटोपशीर, कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला झूम भिंग नव्हतं. याचं 35 पासून 70 मिलिमीटरपर्यंत जायचं. लांबचं जवळ आणायचं तर उजेड गमवावा लागे: एका टोकाला एफ 3.5, दुसऱ्या टोकाला 6.7, म्हणजे फिल्मवर जेमतेम पाव उजेड. बाबा मांडवातही झूम पूर्ण ओढायचे. म्हणून आमच्या घरातली सगळी लग्नं काळोखात लागली आहेत.

पण मला सांगायचंय ते कॅमेऱ्यातून बघायच्या खिडकीबद्दल. या कॅमेऱ्यात भिंगातून बघता येत नाही. बघायचं वरच्या चिमुकल्या काचेतून. झूमबरोबर तीही आपला आवाका बदलते, तरी फिल्मवर उमटतं त्यापेक्षा कमीच दाखवते. अशा कॅमेऱ्यांत साधारण 80-85 टक्के. कडेचा पट्टा डोळ्याला दिसत नाही, फिल्मला दिसतो. पुढे प्रिंट काढणारं यंत्र कडा थोड्या कापतं, आणि त्या पट्ट्यातलं माणूस पुन्हा जातं.

आमच्या फोटोवाल्याने तर माझ्या मुंजीचा अख्खा रोल घालवला. "कोरा निघाला," एवढंच म्हणाला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. त्या छत्तीस फोटोंच्या कडांना कोण होतं, हे आता कधीच कळणार नाही.

वाडीची निगेटिव्ह मात्र होती. मोबाइलचा पडदा पांढरा करून पट्टी त्यावर धरली. आम्ही तिघं मधे, मागे कृष्णा. आणि डाव्या कडेला, अल्बममधल्या फोटोत जिथे काहीच नाही तिथे, आई. अर्धी. हातात हेच काळं पाकीट, पट्टा मनगटाला दोन वेढे दिलेला. कॅमेऱ्याकडे नाही, आमच्याकडे बघतेय.

निगेटिव्हमध्ये रंग उलटे. साडी ओळखू येईना. स्कॅन करून आणली तेव्हा कळलं, गर्द जांभळी, मोठ्या काठांची. अशी साडी आईकडे मी कधीच पाहिली नव्हती. मावशीला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"अरे, ती माझी. वाडीला जायचं म्हणून घेऊन गेली होती. म्हणाली, फोटो काढणार आहेत."