पाण्याचा महिना वेगळा

आमच्या लहानपणी पाण्यात उतरायचा पोशाख म्हणजे नाड्याची चड्डी आणि अंगाला चोपडलेलं जवसाचं तेल. पारशिवनीजवळच्या घोगरा महादेवापाशी पेंच नदी खडकांतून आवाज करत वाहते, तिथून थोडं खाली एक डोह होता. 1970 च्या दशकात, पाठीला वाळलेला भोपळा बांधून, मी तिथे पोहायला शिकलो. बाबा आधी स्वतः गुडघाभर पाण्यात जायचे. मनगटाची आतली बाजू पाण्यात धरून उभे राहायचे. मग उतरायचं की परतायचं, ते सांगायचे. त्यांच्याजवळ तापमापक नव्हता आणि त्यांना तो लागतही नव्हता.

कार्तिकातल्या पहाटे दात वाजायचे, पण डोहावर वाफ दिसायची आणि पाणी चक्क कोमट लागायचं. तेव्हा बाबा खुशाल उतरू द्यायचे. संक्रांतीच्या दुपारी मात्र छान ऊन पडलेलं असायचं, पोट्टे काठावर नाचत असायचे आणि बाबा ठाम नाही म्हणायचे. “उन्हाले काय पाह्यतं? पाण्याले पाह्य.” पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं. हवेचा महिना आणि पाण्याचा महिना एक नसतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एका संक्रांतीला माझ्या चुलतभावाने ते ऐकलं नाही. बाहेर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. काठावर उभा राहून तो चड्डीचा नाडा बांधत होता, पण बोटं वळतच नव्हती. नाडा हातातून सुटायचा, तो पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायचा. बाबा रागावले नाहीत. आधी त्याला पंच्याने कोरडा केला, घोंगडीत गुंडाळला, पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवली आणि त्याचे हात आपल्या काखेत धरून बसले. त्याला नीट बोलता यायला बराच वेळ लागला.

पुढे याच नदीवर तोतलाडोहचं धरण झालं, 160 मेगावॅटचं वीजघर आलं आणि नदीचे महिने आणखीच बदलले. मोठ्या जलाशयात वरचं पाणी तापतं, तळातलं थंडच राहतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना त्या थंड पाण्याच्या कालव्यात पाय सोडला की झिणझिण्या यायच्या, त्या मला अजून आठवतात.

आता माझी लेक शिकागोत असते आणि मिशिगन सरोवरात सर्फिंग करते. तळ्यात लाटा कुठून येतात, हे मला आधी कळेना. पण ते तळं जवळपास 500 किलोमीटर लांब आहे. उत्तरेचा वारा एवढ्या पाण्यावरून धावत आला की दक्षिणेच्या काठावर लाटा उठतात. आणि जोराचे वारे सुटतात ते नोव्हेंबरपासून, म्हणजे लाटा चांगल्या तेव्हाच पाणी वाईट.

पहिला वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, घेताना तिने मला विचारलं, तेव्हा मी बाबांचंच वाक्य सांगितलं. मे महिन्यात तिथे लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात, पण पाणी असतं 10 अंशांच्या आसपास. सप्टेंबरात हवा गार होते, तरी पाण्यात उन्हाळा शिल्लक असतो. म्हणून सूट पाण्याच्या आकड्यावर निवडायचा. पाणी 20 च्या आसपास असेल तर अंगावर 3 आणि हातापायांवर 2 मिलिमीटर जाडी पुरते. 15 च्या खाली 4 आणि 3. दहाच्या खाली 5 आणि 4, शिवाय टोपी, हातमोजे, बूट. जानेवारीत पाणी 2–3 अंशांवर येतं, तेव्हा 6 मिलिमीटर. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, त्यामुळे एकेका मिलिमीटरला किंमत आहे.

ऊब देतात ते निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. ओली झाली तरी आमची घोंगडी ऊब धरायची, ती लोकरीत अडकलेल्या हवेमुळेच. 1952 च्या सुमाराला ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात हे ओळखलं, की माणूस आत ओला असला तरी चालतं. फक्त सूट अंगाला घट्ट हवा. ढगळ असला तर आत पाणी खेळतं आणि सगळी ऊब धुऊन नेतं. लेकीने पहिला सूट एक माप मोठा घेतला होता, तो मी परत करायला लावला. हातमोज्यांत मात्र मी तिला काटकसर करू दिली नाही. बोटं आधी जातात.

तेलाने थंडी फारशी अडत नव्हती, हे आता मला माहीत आहे. बाबांच्या हाताने अंग चोळून गरम व्हायचं, तेच खरं. परवा व्हिडिओ कॉलवर लेक पाण्यात जायच्या आधी चेहऱ्यावर पेट्रोलियम जेली चोपडत होती, बोचऱ्या वाऱ्यात कातडी फाटू नये म्हणून. कपाळ, गाल, मग कानांच्या मागे, बाबा तेल लावायचे अगदी त्याच क्रमाने. मला जवसाचा वास आला.

हल्ली सकाळचा चहा घेताना मी इथे पारशिवनीत बसून मिशिगन सरोवराच्या पाण्याचं तापमान पाहतो. आज 3 होतं. जाड हातमोजे घाल, म्हणून तिला लगेच कळवलं.