दोन काड्यांची फट

तापीवरचा प्रकाशा गावचा पूल ओलांडताना माझी नजर पाण्यावर असते, रस्त्यावरच्या गॅरेजांवर नसते. त्या दिवशी मात्र पूल संपला आणि एका पत्र्याच्या शेडसमोर पाय थबकले. रंग खरवडून काढलेली एक पद्मिनी फियाट, मागचं दार लावलेलं, आणि त्याच्यापुढे एक डोळा मिटून उकिडवा बसलेला डेंटर. काडेपेटीच्या दोन काड्या शेजारीशेजारी चिकटवून तो दाराच्या फटीतून वरून खाली सरकवत होता. निम्म्यापर्यंत काड्या अलगद उतरल्या, मग अडकल्या.

"दार लागतंय की, मिस्तरी," मी उगाच म्हटलं.

"लागस," तो वर न बघता म्हणाला, "पन बसत नही."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं. आपल्याकडे घडी बसते, सवय बसते, घसा बसतो, धंदाही बसतो. एकाच क्रियापदात सोय आणि सत्यानाश. दार मात्र नुसतं लागलं तर ते बसलं असं होत नाही.

मग जातच राहिलो. गाडी शहाद्याकडच्या एका घरातली, वडिलांच्या आठवणीखातर पुन्हा उभी करायला दिलेली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी, 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, वीस वर्षं भरली म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून हटली. तेव्हापासून गोठ्याशेजारी पडलेल्या फियाटींकडे लोक जरा आदराने बघू लागले असावेत. मला स्वतःला तिच्याआधीची डुक्कर फियाट अधिक आवडते. पुढची दारं उलटी उघडणारी, तोंडावर नावासारखाच भाव. पण समोर होती ती पद्मिनी. 1089 सीसी, हँडलला गियर, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा हिच्यासाठीही कुणीतरी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलं असणार.

घोळ असा झाला होता की आधीच्या एका कारागिराने गंजलेला तळ आणि दाराखालचा उंबरठा एकदमच कापून काढला होता, तोही गाडी जॅकवर उचललेली असताना. फियाटीला वेगळी चासी नसते, पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. उंबरठा गेला की मधोमध ती वाकते. नवा पत्रा त्या वाकलेल्या अवस्थेतच वेल्ड झाला, आणि पोक कायमचं झालं. मालक म्हणत होता दार बदला. डेंटर म्हणाला, "दार वाकडं नही, गाडी वाकडी शे."

त्याने शिवण पुन्हा उघडली. आधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल मारले, गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी केली, मगच उंबरठ्याला हात लावला. बसवण्याचा क्रमही ठरलेला: मागचं दार आधी, कारण त्याच्या पाठीमागचा पत्रा हलत नाही, त्याच्या आधाराने पुढचं, त्याच्या आधाराने मडगार्ड, बोनेट सगळ्यात शेवटी. बिजागरीखाली पत्र्याची चकती सारायची, काड्या फिरवायच्या, चकती काढायची, पुन्हा काड्या. लांबी भरून कड सरळ दाखवणाऱ्यांचा त्याला राग होता. मलाही आहे. लांबी म्हणजे पत्र्याने सांगितलेलं खोटं.

एका दाराच्या पोटाला फुगवटा होता. बोटाने दाबला की टक्क करून आत जायचा, सोडला की बाहेर. त्याने गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल केला, हातोडीने चार हलके ठोके दिले आणि ओलं गोणपाट दाबलं. च्रर्र झालं. वाफेचा तो वास आला आणि मी थेट गोमाईकाठच्या आजोळी जाऊन पोचलो.

तिथे वर्षातून एकदा बैलगाडीच्या चाकांना धाव बसवायचा दिवस असे. सुतार आदल्या दिवशी तुंबा, आरे, पुठे जुळवून ठेवायचा. सांधे असे सैल की चाक हलवलं तर खुळखुळायचं. लोहार सुतळीने चाकाचा घेर मोजायचा आणि लोखंडी धाव त्याहून थोडी आखूडच वळवायचा. मला वाटे, म्हातारा चुकला. मग गोवऱ्यांच्या गोल जाळात धाव तापायची. लाल झाली की तिघे जण सांडशीने उचलून ती चाकावर टाकत, घण पडत, बाभळीचा धूर डोळ्यांत जाई आणि आजोबा ओरडत, "पाणी!" मामा घागरी ओतायचा. आणि मग तो आवाज. कडकड, कडकड, एकेक सांधा आत खेचला जाण्याचा. आऱ्याला हात लावून बघायची मला घाई असे. आजी पाठीत धपाटा घालून मागे ओढायची. संध्याकाळी त्या चाकावर टिचकी मारली तर ते एकसंध वाजायचं. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली की गाडी रात्रभर गोमाईच्या पाण्यात उभी करत. लाकूड फुगे, धाव पुन्हा घट्ट. सकाळी ओल्या चाकांनी गाडी अंगणात शिरायची आणि मातीवर दोन गडद रेघा उमटायच्या. पुढे रबरी टायरांच्या बैलगाड्या आल्या. त्यांना रात्री नदीवर न्यावं लागत नाही, ही त्यांची सोय आणि माझ्या लेखी त्यांचा दोष.

तुकडे जुळवण्याचं काम प्रकाशाला जुनंच. इथल्याच पांढरीच्या टेकाडावर 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या भांड्यांची खापरं निघाली, माळवा, जोर्वे अशा तऱ्हेची. तुकड्याला तुकडा लावून बघणाऱ्या माणसाचा डोळाही असाच मिटत असेल.

परवा पुन्हा त्या शेडमध्ये गेलो. मागची दोन्ही दारं बसली होती. काड्या वरपासून खालपर्यंत न अडकता गेल्या. मालक रंगाची घाई करत होता. डेंटरने त्याला नवं रबर आणायला पिटाळलं. नवं रबर जाड असतं, ते लावून बघितल्याशिवाय रंग दिला तर दार पुन्हा बाहेर येतं, आणि रंगाचा थर फटीतली जागा खातो ते वेगळंच.

तुमच्याकडे एखादी फियाट उभी असेल आणि तळ गंजला असेल, तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत अँगल मारून घ्या.