तीसचा फरक

मूळ संख्या म्हणजे प्राइम नंबर, हे मला इस्लामपूरला होस्टेलवर आल्यावर कळलं. हसू नका! सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी होतं ते आजीशी बोलण्यापुरतं.

माझी रूममेट शिराळा तालुक्यातली, मराठी माध्यमाची. पहिल्या वर्षी तिचे तीन विषय राहिले. गणित येतं, पण लेक्चर इंग्रजीत सुरू झालं की मागच्या बाकावर गप्प. घरून निरोप आला, जमत नसेल तर परत ये. तिने बॅग काढली पण होती.

त्या रात्री लाईट गेली. टाईमपास म्हणून मी ५, ११, १७, २३, २९ म्हटलं. दरवेळी ६ मिळवायचे, पाचही मूळ! पुढे ३५, तिथे गाडी अडते. ती म्हणाली, "सहा पदं पाहिजेत तर फरक तीसच्या पटीत घे." का गं? मग मोबाईलच्या उजेडात जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर तिने मांडलं. फरक विषम असेल तर एकाआड एक संख्या सम येणार. फरकाला तीनने भाग जात नसेल तर लागोपाठच्या तीन पदांत एकाला तीनने भाग जाणारच. पाचाचंही तसंच, पाच पदांत एकाला. (माझ्या रांगेत ती संख्या खुद्द ५ होती, म्हणून निभावलं.) म्हणून २ × ३ × ५. आणि लिहिलं: ७, ३७, ६७, ९७, १२७, १५७. पुढची १८७, म्हणजे ११ गुणिले १७. खेळ खल्लास!

मला अंकगणिती श्रेढी हा शब्दही तिनेच दिला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे, संख्यांशी खेळणारे कापरेकर गुरुजीही तिच्याकडूनच कळले.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररी गाठली. फरक २१० घेतला तर १९९ पासून २०८९ पर्यंत दहा पदं मूळ! बेन ग्रीन आणि टेरेन्स टाओ यांनी २००४ साली सिद्ध केलं की हवी तेवढी लांब रांग मूळ संख्यांत सापडतेच. पण आहे म्हणणं वेगळं आणि शोधणं वेगळं. २७ पदांची रांग मिळायला २०१९ साल उजाडलं, तेही संगणकांच्या जोरावर.

हे मी तिला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "२७ पदांना फरक किती मोठा असेल गं?" आम्ही २३ पर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार करत बसलो. २२ कोटींच्या वर गेला.

बॅग परत कपाटावर गेलीय. गुरुवारी तिचा एम-थ्रीचा पेपर आहे.