चाकांवरच्या घरातली ओल

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक द्वीपकल्प नावाचा भूभाग आहे. पश्चिमेस पॅसिफिक महासागर, मध्यभागी हिमाच्छादित पर्वतरांग, आणि समुद्रावरून आलेले ढग त्या रांगेला अडून जेथे रिते होतात तेथे होह नदीचे खोरे. या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे ३५० सेंटिमीटर पाऊस पडतो; पर्वतापलीकडे, सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या सिक्विम गावी मात्र जेमतेम ४० सेंटिमीटर. आंबोलीच्या धुक्यातून निघून, बेळगाव ओलांडून गोकाकच्या कोरड्या माळावर उतरणाऱ्या वाचकांना हा निसर्गाचा खेळ समजावून सांगावयास नको. फरक इतकाच की, तेथील पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला. आपल्याकडे दिवाळीच्या पणत्या लागतात तेव्हा तेथील पावसाळ्याला प्रारंभ झालेला असतो.

नेमक्या त्याच दिवसांत चिरंजीवाने सहा रात्रींसाठी एक मोटरहोम भाड्याने घेतले. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर: चार जणांच्या निजण्याची सोय, गॅसची चूल, छोटे न्हाणीघर, सारे काही एका बसच्या पोटात. आमच्या सौभाग्यवतींना दम्याचा जुना विकार आहे आणि बुरशीचा वास त्यांना मुळीच सोसत नाही. तेव्हा इतक्या ओल्या प्रदेशात, इतक्या लहानशा जागेत त्यांनी सहा रात्री काढाव्यात की नाही, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता.

होहचे अरण्य पाहिले आणि येथे यावेसे का वाटते ते कळले. सिटका स्प्रूस आणि हेमलॉक यांचे प्रचंड वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारे शेवाळाचे हिरवे पडदे, उन्मळून पडलेल्या खोडांवर रांगेने उगवलेली रोपे! या प्रदेशाला १९३८ साली राष्ट्रीय उद्यानाचा व १९८१ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील तळावर गाड्यांसाठी विजेची जोडणी नाही. त्यामुळे हवा कोरडी करणारे मोठे यंत्र चालविण्याची सोय नव्हती. शिवाय नेहमीच्या बनावटीची अशी यंत्रे थंडीत फारसे पाणी ओढीत नाहीत.

पहिल्या रात्री निजताना सूनबाईंनी छतावरचा झरोका थोडा उघडला आणि खालची एक खिडकी बोटभर सरकवून ठेवली. झरोक्यावर पावसाचे टोपण होते, तरीही सौ.ना राहवले नाही. "अगं, बाहेर एवढा पाऊस आणि तू खिडकी उघडतेस?"

"आई, इथली ओल बाहेरून येत नाही, आपणच ती करतो," सूनबाई म्हणाल्या.

हे वाक्य हिशेबाने पडताळून पाहण्याजोगे आहे. झोपलेल्या चार माणसांच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडीतली हवा पंचवीस घनमीटरांच्या आसपास. वीस अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम बाष्प मावते; म्हणजे साऱ्या गाडीत सव्वाचारशे ग्रॅम. उरलेल्या पाण्याने जावे कोठे? ते थंड काचांवर, लोखंडी चौकटींवर, कपाटांच्या पाठीमागे आणि गादीच्या खालच्या अंगाला दवासारखे जमते, आणि तेथेच बुरशी धरते.

उलट बाहेरची हवा पावसाने भिजलेली दिसली, तरी ती थंड असते. पाच अंशांच्या हवेत फार तर सात ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर उतरते, आणि ती आतली ओल शोषून बाहेर नेते. गोव्यात किंवा कोकणात श्रावणात खिडकी उघडून हे साधणार नाही. तेथे बाहेरची हवाच सत्तावीस अंशांची आणि घनमीटरामागे तेवीस-चोवीस ग्रॅम पाणी बाळगणारी! म्हणून आपल्या आज्या निखाऱ्यांवर वेताचे टोपले उपडे घालून बाळाची दुपटी वाळवीत. हवा तापविली की तिची तहान वाढते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

मग आमचा नित्यक्रम ठरला. स्वयंपाक झाकण ठेवून आणि पंखा लावून करावयाचा. ओले कोट न्हाणीघरात टांगून तेथला झरोका उघडा ठेवावयाचा. सकाळी काचा फडक्याने पुसून ते फडके बाहेरच पिळावयाचे. गाद्या उभ्या करून खाली वारा खेळू द्यावयाचा आणि कपाटांची दारे किलकिली ठेवावयाची. भिंतीवर लहानसा आर्द्रतामापक होता. त्याचा काटा पन्नासच्या आसपास राहावा, साठाच्या वर जाऊ नये, एवढे पाहावयाचे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावयाची: ऊब मिळावी म्हणून गॅसची चूल पेटती ठेवणे. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होते. त्याहून भयंकर म्हणजे, कोंडलेल्या जागेत वास नसलेला कार्बन मोनॉक्साईड साचून निजलेल्या माणसांचा प्राण जाऊ शकतो. गाडीतल्या बंदिस्त भट्टीचा धूर नळीवाटे बाहेर जातो. म्हणून उबेसाठी तीच वापरावी, आणि धोक्याची सूचना देणारे यंत्र चालू आहे याची रोज खात्री करून घ्यावी.

सहाही रात्री पाऊस पडत होता. सौ.ना एकदाही उठून बसावे लागले नाही. त्यांचे औषध पिशवीतच राहिले. ज्यांच्या घरी दम्याचे माणूस आहे त्यांना या वाक्याचे मोल निराळे सांगावयास नको. अशा माणसाला घेऊन थंड आणि ओल्या मुलुखात जावयाचे झाल्यास पावसाला भिऊ नये. बंद खिडकीला भ्यावे.