जोडपत्र तीन

दोषारोपपत्राच्या जोडपत्र तीनमध्ये, म्हणजे पुराव्याच्या कागदांच्या यादीत, एकेक कागद चढवताना त्याच्या शेजारी मी पेन्सिलीनं एक नाव लिहितो. चौकशी अधिकाऱ्यासमोर हा कागद कोण शाबीत करणार, त्याचं नाव. नाव सुचलं नाही तर कागद यादीतून बाहेर. ही सवय मला कुणा साहेबानं लावली नाही, प्रशिक्षणात तर नाहीच नाही. आमच्या भागात बऱ्याच अपचाऱ्यांचे बचाव सहायक म्हणून उभे राहणारे एक निवृत्त शिरस्तेदार होते, त्यांच्या धाकानं ती लागली. गेल्या पावसाळ्यात ते वारले. तेव्हापासून माझा मसुदा सैल पडतोय असं मला वाटतं. समोर कोण वाचणार आहे हे ठाऊक असलं की माणूस जपून लिहितो. आता वाचणारं कोणी उरलं नाही, नुसते सह्या करणारे आहेत.

शिरस्तेदार चौकशा लांबवतात अशी त्यांची ख्याती होती. सादरकर्ता अधिकाऱ्याच्या मागे फायली धरून मी त्यांच्यासमोर बसलेलो आहे. त्यांनी मुदत मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही, वकील हवा म्हणून हट्ट नाही. पहिल्या तारखेला एक पानाचा अर्ज यायचा, सुवाच्य अक्षरात: जोडपत्र तीनमधील अनुक्रमांक अमुक ते अमुक यांच्या मूळ प्रती अवलोकनासाठी मिळाव्यात. एवढंच. मग आमची पळापळ. एक नोंदवही अभिलेख कक्षात कुठल्या तरी रुमालात, दुसरी पोलिसांनी जप्त केलेली, तिसरी तर कधी उघडलीच नव्हती. प्राथमिक चौकशीच्या अहवालात उल्लेख होता म्हणून आम्ही ती यादीत घेतली होती. तारखा आमच्याच बाजूनं पडत. वर्षभरानं रोजनामा वाचावा तर प्रत्येक तहकुबीसमोर कारण एकच, ‘शासनपक्षाकडून कागदपत्रे अप्राप्त’. आणि मूळ कागद आलाच, तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार असे: हा शाबीत कोण करणार? रूपसिंग नेगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सांगितलं की कागद नुसता दाखल केल्यानं शाबीत होत नाही. ते हे कधी वरच्या पट्टीत म्हणाले नाहीत. निकालाची झेरॉक्स पुढे सरकवायचे आणि पानदान उघडायचे.

विलंबावर आता सगळेच बोलतात. २०१५ च्या फेब्रुवारीत अजयकुमार चौधरी प्रकरण आलं, निलंबनानंतर तीन महिन्यांत दोषारोपपत्र द्या म्हणणारं. त्याच वर्षी डिसेंबरात प्रेमनाथ बाली: चौकशी सहा महिन्यांत संपवा, नाइलाज असेल तर फार तर वर्षात. ९ जुलै २०१९ चा शासन निर्णय आला आणि नव्वद दिवसांचा आकडा प्रत्येक आस्थापना शाखेत भिंतीवर चढला. निलंबित माणसाला घरी बसवून पहिले तीन महिने निम्मा आणि पुढे पाऊण निर्वाह भत्ता द्यायचा, त्यापेक्षा हे बरंच, यात वाद नाही. पण झालं काय, की दोषारोपपत्रं एकोणनव्वदाव्या दिवशी जन्माला येऊ लागली. प्राथमिक अहवाल जसाच्या तसा जोडपत्र दोनमध्ये, म्हणजे दोषारोपांच्या तपशिलात, ओतायचा, त्याची सगळी सहपत्रं तीनमध्ये, त्यात ज्यांची ज्यांची नावं आली ते सगळे साक्षीदार म्हणून चारमध्ये. मुदत पाळली, आणि पुढची तीन वर्षं त्याच कागदात शिवून दिली. मे महिन्यात तर विचारूच नका. आमच्या पिढीत शाळेनं निम्म्यांची जन्मतारीख १ जून लावलेली, म्हणजे निवृत्ती ३१ मे. निवृत्तीनंतर चार वर्षांपूर्वीच्या घटनेवर चौकशी सुरू करता येत नाही, म्हणून ३० तारखेच्या रात्री दिवे लावून दोषारोपपत्रं बजावलेली मी पाहिली आहेत. त्यातला निर्दोष माणूस उपदान अडकवून तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर झिजतो. दोषी माणसाला मात्र साक्षीदार म्हातारे होताना पाहत बसायचं असतं.

यादी फुगते का, हे मला नेमकं माहीत आहे. आळसानं नाही, भीतीनं. एखादी तक्रार गाळली तर उद्या कुणीही म्हणेल, यानं सांभाळून घेतलं. साहेबही म्हणतात, काही राहायला नको. तेव्हा मसुदा करणारा स्वतःला वाचवण्यासाठी सगळं कोंबतो. नियम ३ चा भंग, शासनाची प्रतिमा मलीन, कर्तव्यपरायणतेत कसूर, संगनमत. एका ‘संगनमता’साठी दुसरा माणूस उभा करावा लागतो, त्याच्यासाठी नियम १२ खाली सामायिक चौकशीचा आदेश, त्याचा सक्षम प्राधिकारी वेगळा निघाला की फाइल मंत्रालयात. शेजारच्या जिल्ह्यात एकजण आहेत, भाषेबद्दल फार नावाजलेले. त्यांच्या दोषारोपपत्रात विशेषणांशिवाय वाक्य सापडत नाही. त्यांची प्रकरणं किती टिकतात हे मी विचारत नाही, पण माहिती ठेवतो.

एक तलाठ्याचं प्रकरण सांगतो. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, हात अजून तलाठीच लिहितो.) जमीन महसूल वसूल केला, पावत्या दिल्या, पण रक्कम महिनोन्महिने चलनानं भरली नाही. बावीस शेतकऱ्यांच्या तक्रारी फाइलला. आधीच्या मसुद्यात बावीसही साक्षीदार. मी बावीसही काढले. लागतात कशाला? नमुना नऊचं पावतीपुस्तक त्याच्याच अक्षरातलं, नमुना दहाची चलनं कोषागाराच्या शिक्क्याची. दोन्हींच्या तारखा शेजारी ठेवल्या की दोषारोप बोलतो. पावतीपुस्तक शाबीत करायला दप्तर तपासणारा मंडळ अधिकारी, चलनांना तहसीलचा लिपिक. दोन माणसं, दोन्ही नोकरीत, दोघांच्या निवृत्तीची तारीख मी पाहून घेतली. पोलिसांकडे पावतीपुस्तक देण्याआधी साक्षांकित प्रत काढून घेतली, कारण मूळ एकदा मुद्देमाल झालं की ते परत कधी दिसेल याचा भरवसा नाही. कोर्टात खटला आहे म्हणून चौकशी थांबवायची ही सबब पॉल अँथनी निकालानंतर, म्हणजे १९९९ नंतर, सरसकट चालायला नको होती, अजून चालते.

हा मसुदा मला फार आवडला होता. खरं सांगायचं तर मसुदे मला आवडतातच, माझेच जास्त. जुन्या प्रती कपाटात एका बाजूला ठेवल्या आहेत आणि कधीमधी काढून वाचतो. न्यायाधिकरणाच्या एका आदेशात माझा आख्खा परिच्छेद उतरला होता; खाली सही अर्थात साहेबांची. त्या संध्याकाळी मी घरी दोनदा वाचून दाखवला, बायकोनं एकदा ऐकला. शिरस्तेदार एकदा चहाच्या टपरीवर म्हणाले होते, ‘तुमच्या जोडपत्र तीनमध्ये मला शिरायला जागा राहत नाही हो.’ बढतीच्या आदेशानं मला इतका आनंद झाला नव्हता.

पण त्या तलाठ्याच्या बावीस तक्रारींपलीकडे एक तेविसावी होती. एका म्हाताऱ्याची, पैसे दिले आणि पावतीच मिळाली नाही. बाकीच्यांचे पैसे उशिरा का होईना सरकारात गेले. याचे गेलेच नाहीत. नमुना नऊमध्ये तो नाही, दहामध्ये नाही, आठ-ब मध्ये त्याची थकबाकी तशीच. म्हणजे खरी अफरातफर इथे आहे, आणि माझ्या पेन्सिलीच्या हिशेबात तिला कागद नाही. कागद नसलेला साक्षीदार म्हणजे तोंडी शब्दाविरुद्ध तोंडी शब्द. त्याला पोराकडे पुण्याला गेल्यावर समन्स पोचणार नाही, आला तर तारीख बदललेली असेल, तिसऱ्या खेपेला तो म्हणेल, माझी काही तक्रार नाही. हे सगळं मी पाहिलं आहे. त्याला घेतलं की प्रकरण लांबतं. गाळलं की प्रकरण चटकन संपतं, पण शिक्षा होते ती उशिरा भरण्याची, एक-दोन वेतनवाढी. चोरीचं नावही निघत नाही.

यावर मी पुष्कळ डोकं चालवलं आहे. थकबाकी असूनही त्याला मागणीची नोटीस कधी का गेली नाही, तिथून धरता येतं. पण ते अनुमान. अनुमानावर दोषारोप उभा करताना जोडपत्र दोन पुन्हा लांबत जातं. प्राथमिक चौकशीतला त्याचा जबाब आहे, पण तो माणूस उलटतपासणीला उभा राहिल्याशिवाय त्याला किंमत नाही. वेगळं दोषारोपपत्र द्यावं तर दोन चौकशा, आणि पहिलीचा निकाल दुसरीसाठी अडून राहतो. विभागीय चौकशीच्या नियमपुस्तिकेत याचं उत्तर नाही. कार्यशाळांत तर बाणांचे तक्ते दाखवतात: ज्ञापन, दहा दिवस, बचावाचं निवेदन, बाण, चौकशी अधिकारी, बाण. बाणांना म्हातारी माणसं भेटत नाहीत.

सध्या टेबलावर तसंच एक प्रकरण आहे, गाव निराळं. माझ्या हाताखाली एक महसूल सहायक आली आहे, दोन वर्षांची नोकरी. तिनं यादी माझ्याइतकीच तोकडी केली. कागदासमोर नाव लिहायला मी सांगितलंही नव्हतं, तिनं लिहिलं होतं. मात्र पावती नसलेली एक बाई तिनं गाळली नाही. जोडपत्र चारमध्ये पहिल्या क्रमांकावर घातली.

‘सर, हिला पहिल्याच तारखेला तपासू. कागद नाही, म्हणजे कागदासाठी थांबायलाही नको. बाकीचे सगळे सरकारी साक्षीदार आहेत, ते कुठे जात नाहीत.’

‘बचाववाले दोन प्रश्नांत मोडतील तिला.’

‘मोडू दे. पण ती बोलली हे रोजनाम्यात येईल ना?’

मी तिला शिरस्तेदारांच्या उलटतपासणीबद्दल सांगितलं. पावती न घेता पैसे दिले तेव्हा शेजारी कोण होतं, किती वाजले होते, नोटा कोणत्या होत्या. हळू आवाजात, बाई-बाई करत. ती ऐकून म्हणाली, मग हेच प्रश्न आपण आधी विचारून घेऊ, जबाबातच. शेजारी कोणी होतं का ते तिनं त्याच दुपारी फोन लावून विचारलं. जाऊबाई होती म्हणे. आता साक्षीदार दोन झाले.

बाईचं नाव मी खोडलेलं नाही. जाऊबाईचं खोडावं का यावर आमचं एकमत झालेलं नाही, आणि मुदत शुक्रवारी संपते. कागदाशिवाय साक्षीदार कशाला, असं साहेब विचारतीलच. तेव्हा उत्तर तिनं द्यायचं, मी फक्त फाइल धरून उभा राहायचं, असं ठरलं आहे.